दवाखानी हिरवा

मामा साऱ्या कारखान्याचे मामा होते. मालक त्यांना मामा म्हणत. मालकांचे वडील हयात असताना तेही मामाच म्हणत, आणि ते तर मामांपेक्षा बारा वर्षांनी मोठे होते. फाटकावरचा पहारेकरी, रंग दळणाऱ्या यंत्रावरची माणसं, डब्यांना झाकणं ठोकणाऱ्या बायका, रिकामी पिंपं उचलायला येणारा भंगारवाला, सगळ्यांचे ते मामा. एवढ्या गोतावळ्यात सख्खी भाची मात्र एकच होती, धाकट्या बहिणीची मुलगी. ही हकिगत शेवटी तिच्यापाशीच जाऊन पोचते.

मामांचं काम रंग जुळवायचं. कुणी मोडक्या खुर्चीचा ढलपा घेऊन यायचं, कुणी जुन्या लोखंडी कपाटाचा पोपडा. मामा तो घेऊन उत्तरेच्या खिडकीत जायचे, कारण उन्हाची तिरीप रंगाला खोटं बोलायला लावते आणि उत्तरेचा उजेड खरं बोलतो असं त्यांचं म्हणणं. तिथे ते ढलपा एकदा पाहायचे आणि परत देऊन टाकायचे. मग बादली, ढवळायची पट्टी आणि मान वाकडी झालेला एक स्टीलचा चमचा घेऊन तासाभरात तोच रंग उभा करायचे, नमुन्याकडे दुसऱ्यांदा न बघता. बाकीचे कारागीर नमुना शेजारी ठेवून जुळवतात हे त्यांना कळलं की ते खांदे उडवायचे. शेजारी ठेवून जुळवणं म्हणजे पुढच्याच्या पेपरात बघून पास होणं, असं ते म्हणायचे. मामांचा सगळा अभिमान या एका गोष्टीत होता. नमुना त्यांच्या डोक्यात असायचा.

या विद्येचा घरच्यांना त्रासच जास्त. जुळवून उरलेला रंग टाकवत नसे म्हणून मामा तो घरी आणायचे आणि दिसेल त्याला लावायचे. पुढचं दार एका बसकंपनीच्या लाल रंगात, न्हाणीघराचं एका बँकेच्या निळ्यात, फ्रीजची एक बाजू ट्रॅक्टरच्या नारिंगीत. दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत नारिंगी संपला होता. मामी पाहुण्यांना सांगायच्या, आम्ही घरात राहत नाही, शेड कार्डात राहतो. वर त्याच घरात बसून मामा लोकांचे शब्द दुरुस्त करायचे. शेजाऱ्याने "तुमचा पांढरा सदरा" म्हटलं की हा पांढरा नाही, हस्तिदंतीकडे झुकलाय. डॉक्टरने जीभ गुलाबी आहे म्हटलं की गुलाबी नाही, त्यात चिमूटभर राखाडी आहे. डॉक्टर नवा होता, त्याने राखाडीची तपासणी करायला लावली.

पण मामांनी केलेला एक रंग असा होता की त्यापुढे त्यांचे शंभर गुन्हे माफ. एकतीस वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यांसाठी थोरल्या मालकांनी फिका हिरवा मागितला होता. डोळ्याला थंड वाटेल, पण उदास वाटणार नाही असा. मामा नऊ दिवस खिडकीतून हलले नाहीत. दहाव्या दिवशी जो रंग झाला तो पुढे देशभरच्या दवाखान्यांत खांद्याच्या उंचीपर्यंत लागला. ज्याला म्हणून कधी ताप आला, ज्याने म्हणून कधी बाकावर बसून आतल्या बातमीची वाट पाहिली, त्याने मामांचा हिरवा पाहिलेला होता. कित्येकांनी जगात येऊन डोळे उघडले ते त्या रंगातच. मामा हे फुशारकीने सांगायचे नाहीत. फक्त कुणाच्या घरी बाळ झालं की कुठल्या दवाखान्यात म्हणून विचारायचे, आणि सरकारी असलं की समाधानाने मान हलवायचे.

आता धंद्याचं सांगायचं, तर धंदा जोरात होता. धाकटे मालक दरवर्षी रंग बनवणाऱ्यांच्या अधिवेशनाला जायचे आणि तिथे एक सूटवाला पडद्यावर रेघ दाखवायचा. रेघ डावीकडून उजवीकडे चढतच जायची. देशात रंगाचा खप वाढतोय, पुढची दहा वर्षं वाढणार आहे, भविष्य उज्ज्वल आहे. मालक एक पिशवी आणि एक पेन घेऊन परत यायचे आणि हिशेब लागत नाही म्हणून डोकं खाजवायचे. धंदा वाढत होता आणि धंदेवाले कमी होत होते. मोठ्या कंपन्यांनी दुकानादुकानात रंग मिसळणारी यंत्रं फुकट बसवली होती. गिऱ्हाइकाने बोट ठेवायचं, यंत्राने थेंब टाकायचे, पाच मिनिटांत हजारांतली हवी ती छटा तयार. लाकडी दारांच्या जागी प्लॅस्टिकची आली, लोखंडी खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या. कपाटं कारखान्यातूनच भाजलेला रंग अंगावर घेऊन येऊ लागली. मामांच्या कारखान्याचे वेगवेगळे रंग एकेक करून गेले. राहिला एक, दवाखानी हिरवा. बेचाळीस माणसांचा संसार त्या एका बादलीत होता.

दर तीन वर्षांनी त्याचं कंत्राट नव्याने निघायचं. त्या वर्षी सरकारने अट घातली की नमुना यंत्रावर मोजला जाईल. मालकांनी उसनंपासनं करून रंग मोजायचं यंत्र आणलं आणि ते चालवायला माणूस शोधू लागले. तेव्हा मामांनीच भाचीचं नाव पुढे केलं. पोरगी रसायनशास्त्र शिकली होती. पण खरं कारण वेगळं होतं. ती सहा वर्षांची असताना मामा तिच्यापुढे डब्यांची तीन झाकणं मांडून विचारायचे, यातलं वेगळं कुठलं? मोठ्या माणसांना तिन्ही सारखी दिसायची. पोरगी बोट ठेवायची ते बरोबर. आमच्या घराण्याचा डोळा हिच्यात उतरलाय, असं मामा बहिणीला सांगायचे.

यंत्र शिवणयंत्राएवढं होतं. रंगवलेला पत्रा त्याच्या तोंडाशी धरला की ते एकदा लकाकायचं आणि आकडे दाखवायचं. एकच डोळा आणि तोही मिचकावतं, म्हणजे लबाड असणार, असा शेरा मामांनी पहिल्या दिवशीच दिला. भाची हसली. घरी ती मामांना अरेतुरे करायची, कारखान्यात मात्र मालकांसमोर तुम्ही-आम्ही करू लागली. मामांना ते ऐकून पोट धरून हसायला यायचं आणि थोडं बरंही वाटायचं.

याच सुमारास मामांच्या सदऱ्यांचं एक प्रकरण चाललं होतं. सदरे पिवळे पडतात, अशी त्यांची तक्रार. त्यांनी साबण बदलायला लावला, मग पाणी गाळायला लावलं, मग मामींना नीळ जास्त घालायला लावली. मामी घालत गेल्या. आणखी, आणखी, असं वर्षभर चाललं. शेवटी मामा ज्याला पांढराशुभ्र म्हणून अंगात चढवायचे तो सदरा चक्क आभाळाच्या रंगाचा झाला होता. कारखान्यात सगळ्यांना दिसायचं. बोललं कुणीच नाही. रंगाच्या बाबतीत मामांना सांगणार कोण? बायका झाकणं ठोकता ठोकता म्हणायच्या की मामांना या वयात निळ्याचा शौक लागला आहे, लागू दे. दिव्याभोवती कडी दिसतात म्हणून मामांनी घरातले दोन बल्बही बदलले होते. डोळे बदलायला झालेत हे काही त्यांच्या मनात आलं नाही. ते डोळे होते, बल्ब नव्हते.

नमुना पाठवायच्या आदल्या दिवशी भाचीने यंत्रावर मोजून मोजून वीस लिटरची बादली तयार केली. सरकारने दिलेल्या पत्र्याशी आकडे केसभरही हलत नव्हते. सकाळी पत्रा रंगवायचा, दोन डबे भरायचे आणि दहाच्या गाडीने पाठवायचे असं ठरलं.

मामा सकाळी आठच्या आधीच आले. बादली उत्तरेच्या खिडकीत ओढली, झाकण काढलं आणि आत वाकून पाहिलं. हा दवाखान्याचा रंग नव्हताच. कावीळ झालेल्या माणसाचा रंग होता. त्यांनी ढवळून पाहिलं, पत्र्याच्या तुकड्यावर ओढून पाहिलं. पिवळट तो पिवळटच. एकतीस वर्षं डोक्यात असलेला हिरवा कुठे आणि हे कुठे. सरकारचा पत्रा शेजारच्याच कपाटात होता. मामांनी तो काढला नाही. नमुन्याकडे दुसऱ्यांदा बघणारी जात त्यांची नव्हे.

पोरीची पहिलीच खेप, तिची लाज राहिली पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं. ही गोष्ट त्यांनी पुढे स्वतःला अनेकदा सांगितली आणि ती खरीही होती. त्यांनी निळ्याचा डबा उघडला, दोन चमचे घातले आणि वीस मिनिटं ढवळलं. हळूहळू बादलीतून त्यांचा जुना हिरवा वर आला, ओळखीच्या माणसाने दार उघडावं तसा. मग पत्राही त्यांनी स्वतःच रंगवून ठेवला.

भाची आली तेव्हा पत्रा अजून ओला होता. तिने तो तिरपा धरून पाहिला.

"मामा, जरा निळसर नाही वाटत?"

"ओला आहे गं. वाळू दे."

ओल्या आणि वाळलेल्या रंगात फरक पडतो हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तिने पत्रा वाळायला ठेवला. दहाची गाडी गेली. दोन डबे सरकारकडे गेले, एक रिवाजाप्रमाणे कपाटात राहिला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. एका ओळीचं. मान्य नमुन्याशी रंग जुळत नाही, सबब निविदा बाद. काय जुळत नाही, किती जुळत नाही, काही नाही. मालक पत्र हातात घेऊन भाचीच्या प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. त्यांच्या मागे सगळा कारखाना उभा राहिला.

मामांना वाटलं, पोरीची चूक एवढी मोठी होती की आपल्या दोन चमच्यांनीही सावरली नाही. हे बोलून दाखवून तिला आणखी कशाला खाली बघायला लावायचं, म्हणून चमच्यांचं ते बोलले नाहीत. बोलले ते दुसरंच.

"रंग बटणं दाबून होत नाही, मालक. डोळा लागतो."

सगळ्यांनी माना हलवल्या. भाचीने मामांकडे पाहिलं. मग तिने हळूच विचारलं की कपाटातला तिसरा डबा कुठे आहे, तिला परत मोजून बघायचंय. डबा त्या वेळी मामांच्या कापडी पिशवीत, टेबलाखाली होता. पत्र आल्याचं कानावर पडताच त्यांनी तो उचलून ठेवला होता, पोरीच्या डोळ्यांसमोर नको म्हणून. तिने मोजला असता तर मामांनी हात घातल्याचं तिला कळलं असतं, ती दुखावली असती, मालक विचारते झाले असते.

"फेकला गं," मामा म्हणाले. "काय करायचाय आता?"

संध्याकाळी तो डबा घरी गेला आणि पुढच्या रविवारी स्वयंपाकघराचं दार त्या रंगात रंगलं. मामी म्हणाल्या, हा काही दवाखान्याचा वाटत नाही, निळा वाटतो. मामांनी त्यांना कुठल्या विद्यापीठात शिकलात असं विचारलं.

कारखाना पाच महिन्यांत बंद झाला. दळणयंत्रं वजनावर गेली, रंग मोजायचं यंत्र छत्र्या बनवणाऱ्या एका कंपनीने नेलं. भाचीने पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेत अर्ज केला नाही. घरबांधणीचं सामान विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात ती फरश्यांच्या काउंटरवर लागली. आई रागावली तेव्हा म्हणाली, फरशीला रंग आधीच असतो, आपल्याला काही ठरवावं लागत नाही. मामांनी हे बहिणीकडून ऐकलं आणि हल्लीच्या पोरांना चिकाटी नाही असं मत दिलं.

दोन वर्षांनी मामा भर दुपारी पायरी चुकून पडले. मामींनी हाताला धरून दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. आधी उजवा करू, मग महिन्याभराने डावा, असं ठरलं. उजव्याची पट्टी सुटली त्या सकाळी मामा घरी आले आणि खुंटीवरचा सदरा घ्यायला गेले.

"हा कुणाचा सदरा?"

"तुमचाच."

"हा निळा आहे."

"दोन-तीन वर्षं झाली त्याला," मामी म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलंत ना, आणखी घाल म्हणून."

मामांनी उजवा डोळा मिटला. सदरा पांढरा झाला. डावा मिटला, निळा झाला. एखाद्या पोराला खेळणं सापडावं तसे ते घरभर डोळे मिटत उघडत फिरले. दूध, भिंत, मामींचे केस. जुन्या डोळ्याने सगळं जग चहाच्या पाण्यात बुडवून काढलेलं होतं आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मामींना मोठी गंमत वाटत होती. मग मामा स्वयंपाकघराच्या दारापाशी आले आणि थांबले.

डाव्या डोळ्याने दार अगदी बरोबर होतं. तेहेतीस वर्षांपूर्वीचा, डोक्यातला, थंड पण उदास नसलेला हिरवा. उजव्या डोळ्याने ते दवाखान्याचं नव्हतं. पोहण्याच्या तलावाचं होतं. मामांनी पुन्हा डावा उघडला, पुन्हा उजवा. असं किती वेळ चाललं ते मामींना सांगता येत नाही. त्यांनी चहा दोनदा गरम केला. शेवटी त्या जवळ आल्या तेव्हा मामा दोन्ही डोळे मिटून उभे होते.

मामा आधी मालकांकडे गेले. मालक आता प्लॅस्टिकची दारं विकत होते. ज्यांनी त्यांचा रंग खाल्ला तीच दारं, सहा नमुन्यांत, रंगवायची कटकट नाही असं वर लिहिलेलं. मामांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बादली, चमचे, पत्रा, पिशवीतला डबा. मालकांनी खुर्ची पुढे केली आणि बराच वेळ एका दाराची मूठ वरखाली केली.

मग ते म्हणाले की सरकारने पुढच्याच वर्षी दवाखान्यांच्या भिंतींना फरश्या बसवल्या. कंत्राट मिळालं असतं तरी दीड वर्ष रडतखडत चालले असते, मग हेच. कारखाना मामांच्या चमच्याने गेला नाही. तो जाणारच होता.

मामांना बरं वाटायला हवं होतं. मालकांना वाटलं, वाटलंच असेल.

"मग माझ्या चमच्याने गेलं काय, मालक?"

मालकांनी मूठ सोडली. "त्या पोरीला मी त्या दिवशी केबिनमध्ये बोलावून बरंच बोललो होतो, मामा. काय बोललो ते मला आठवत नाही. तिला आठवत असेल."

मामांनी एक चिठ्ठी मागितली. मालकांनी कपाटातून कारखान्याचा जुना कागद काढला, बंद पडलेला फोन नंबर खोडला आणि लिहून दिलं की त्या वेळचा नमुना प्रयोगशाळेतल्या बाईंनी बिनचूक केला होता, नंतर त्यात दुसऱ्याचा हात लागला, आणि आपण त्यांना जे बोललो ते चुकीचं होतं. खाली सही आणि शिक्का. शिक्क्याची शाई वाळली होती, थुंकी लावून उठवावा लागला.

दुकानात भाची एका जोडप्याला न्हाणीघराच्या फरश्या दाखवत होती. नवरा विचारत होता, यातली कुठली बरी दिसेल. ती म्हणाली, ते तुम्हीच ठरवा, मला त्यातलं नाही कळत. मामांनी ते ऐकलं. जोडपं जाईपर्यंत ते सिमेंटच्या पोत्यांजवळ उभे राहिले, मग पुढे झाले आणि चिठ्ठी काउंटरवर ठेवली. चिठ्ठीत दुसऱ्याचा हात असं लिहिलं होतं. तो हात कुणाचा ते मामांनी तोंडाने सांगितलं.

तिने चिठ्ठी दोनदा वाचली.

"किती घातलं होतं?"

"दोन चमचे."

"सपाट की शीग लावून?"

"शीग लावून."

"मी म्हटलं होतं निळसर वाटतोय," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "तेवढं एकच वाक्य मी दोन वर्षं डोक्यातून काढून टाकत होते. वाटायचं, आपल्याला तेव्हाही नीट दिसत नव्हतं. गेल्या वर्षी खोलीला रंग द्यायचा होता, तर शेजारच्या बाईंना विचारून दिला."

मामा काही बोलणार होते. तिने हात वर केला.

"तो डबा खरंच फेकला होता?"

"नाही. आहे. तळाला थोडासा राहिलाय."

"आणा. मला मोजायचाय."

मामा घरी गेले. मामींनी जेवून जा म्हटलं, ते थांबले नाहीत. माळ्यावरून डबा काढला, झाकण चमच्याने उचकटलं, वरची साय फाडली. खाली बोटभर रंग अजून जिवंत होता. फडक्यात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर उभा धरून, त्यांनी तो दुकानात आणला.

दुकानाच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या कंपनीचं रंग मिसळायचं यंत्र होतं आणि त्याच्याजवळ एक मोजायचंही. दोन वर्षांत भाची त्या बाजूला गेली नव्हती. तिथल्या मुलीने तिला चकित होऊन जागा करून दिली. तिने एका पुठ्ठ्यावर रंग ओढला, पंख्याखाली वाळायला ठेवला आणि तो वाळेपर्यंत पाऊण तास पुन्हा फरश्या विकल्या. मामा स्टुलावर झाकण हातात धरून बसून होते. मग यंत्र लकाकलं.

तिने आकडे पुठ्ठ्याच्या मागे लिहिले. त्यांच्या खाली, काहीही न बघता, दुसरे आकडे लिहिले. ते नमुना पाठवायच्या आदल्या दिवशीचे होते, तिला पाठ होते. मधला फरक काढला. मग पेन्सिल टेकवून कितीतरी वेळ त्या फरकाकडे बघत राहिली.

"सगळा निळ्यातच आहे," ती म्हणाली. "दुसरं काही नाही."

मामांनी मान हलवली. माफ कर असं म्हणायचं त्यांनी बसमध्ये ठरवलं होतं, आणि ते म्हणालेही. ती पुठ्ठ्याकडेच बघत होती. ऐकलं असावं.

"दुसऱ्या डोळ्याचं कधी आहे?"

"पुढच्या मंगळवारी."

"करून घ्या. आणि घरी जा आता, मामी थांबली असेल."

मामा उठले. डबा उचलायला वाकले तेव्हा तिने तो हलकेच आपल्या बाजूला ओढला. तो इथेच राहू दे म्हणाली. मामांच्या हातात झाकण तेवढं राहिलं होतं. ते द्यायचं लक्षातच आलं नाही आणि ते तसेच, हातात झाकण घेऊन, बसच्या थांब्यापर्यंत चालत गेले.